वाचनालयासाठी कॉम्प्युटरचं मासिक घ्यायचंय : अंक चाळून पारख कशी करायची?

कोलशेत_वाचनालय

नमस्कार मंडळी. ठाण्यात कोलशेत रोडला आमच्या सोसायटीचं छोटं वाचनालय आहे. यंदा कॉम्प्युटरचं एखादं मासिक सुरू करा अशी मागणी आली आहे. त्यासाठी वर्षाला ३,००० रुपये काढता येतील, म्हणजे एक मासिक, फार तर दोन. वाचणारे तीन तऱ्हेचे आहेत. डिप्लोमा-इंजिनिअरिंगची मुलं, घरून अकाउंट्स किंवा डीटीपीची कामं करणारे, आणि निवृत्त मंडळी. या शेवटच्यांना वायफाय, मोबाइल आणि बँकेचं ॲप नीट कळलं तरी पुरे आहे.

स्टेशनजवळच्या स्टॉलवर अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असतात. विनंती केली तर एखादा उघडून देतात, पण दहा मिनिटांच्या वर चाळता येत नाही. तेवढ्यात काय बघायचं? रिव्ह्यू खरोखर वस्तू वापरून लिहिलाय की कंपनीच्या पत्रकावरून उतरवलाय, हे कसं ओळखायचं? तीन वर्षांची वर्गणी भरली तर पाठीवरची बॅग फुकट मिळते, ती योजना घ्यावी का?

"अमुकच घ्या" असं नाव नको, कसोटी हवी. आणि "हल्ली सगळं यूट्यूबवर आहे" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

फर्मा_सोळा

दहा मिनिटं पुष्कळ झाली. मुखपृष्ठ शेवटी बघा, कारण ते अंक विकण्यासाठीच केलेलं असतं.

आधी संपादक मंडळाची यादी असते ते पान काढा. तिथे चाचणी करणाऱ्यांची वेगळी नावं आहेत का? "टेस्ट सेंटर" किंवा "लॅब" म्हणून दोन-तीन माणसं दिसली आणि आतल्या रिव्ह्यूंवर तीच नावं असली, तर काम घरात होतंय. संपादक एक, जाहिरात विभागात आठ आणि लेखांवर नावंच नाहीत, असा अंक खाली ठेवा. लेखाखाली "ब्यूरो" किंवा "डेस्क" एवढंच असेल तर तो बहुधा पत्रकावरून उतरवलेला असतो.

मग पानं मोजा, म्हणजे शेवटचा पृष्ठांक बघा. छपाई फर्म्यांत होते, म्हणजे एका मोठ्या कागदावर बरीच पानं एकदम छापून त्याची घडी घालतात. सोळा पानी फर्मा धरला तर अंक १२८ वरून ११२, मग ९६ असा उतरतो. सहा महिन्यांत दोन फर्मे गळाले आणि किंमत तीच राहिली, तर मासिकाची तब्येत बरी नाही. जोडअंकांकडेही लक्ष ठेवा. वर्षात एखादा जोडअंक समजू शकतो. तीन निघाले तर बारा महिन्यांच्या वर्गणीत नऊच अंक हातात पडतात.

जाहिराती जास्त म्हणजे मासिक वाईट, हे मात्र खरं नाही. पानभर उघड जाहिरात निरुपद्रवी असते, तिच्यावरच अंकाची किंमत कमी राहते. धोका लेखासारख्या दिसणाऱ्या जाहिरातीचा. तीन गोष्टी ताडून बघा. त्या पानाचा टाइप बाकी अंकापेक्षा किंचित वेगळा आहे का, वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात "प्रमोशन", "पार्टनर फीचर", "विशेष उपक्रम" असं काही आहे का, आणि लेखात एकाच कंपनीचं नाव येऊन प्रतिस्पर्ध्याचा उल्लेखही नाही असं आहे का. जाहिरात आणि मजकूर वाचकाला वेगळे ओळखता आले पाहिजेत, हे प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतच आहे. जे मासिक ठळक "जाहिरात" छापतं त्याच्या बाकीच्या पानांवर थोडा जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही.

शेवटी वाचकांची पत्रं आणि चुकांची दुरुस्ती. "मागच्या अंकातल्या तक्त्यात अमुक आकडा चुकला होता, तो असा वाचावा" अशी चौकट कुठे असेल तर त्या मासिकाला माझे दहा गुण. आकडे छापणाऱ्याच्या हातून चुका होतातच. वर्षभरात एकही दुरुस्ती नसेल तर कोणी तपासत नाही, एवढंच कळतं.

वाशी_असेंबलर

हार्डवेअरच्या रिव्ह्यूबद्दल लिहितो. लॅपटॉपचा रिव्ह्यू काढा आणि त्यात काय लिहिलेलं नाही ते शोधा.

पहिली गोष्ट, नेमकं कुठलं मॉडेल तपासलं. एकाच नावाखाली चार-पाच प्रकार विकले जातात. रिव्ह्यूला आलेल्यात १६ जीबी रॅम दोन पट्ट्यांत आणि दुकानात मिळणाऱ्यात ८ जीबीची एकच पट्टी, असं सर्रास होतं. एका पट्टीवर रॅम सिंगल चॅनलमध्ये, म्हणजे एकाच वाटेने चालते, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर गेम आणि व्हिडिओ एडिटिंगला त्याचा चांगलाच फटका बसतो. पूर्ण मॉडेल नंबर नसेल तर पुढचे आकडे तुमच्या मशीनला लागू होतील याची खात्री नाही.

दुसरी, वॅट. "आरटीएक्स ४०५०, ६ जीबी" एवढं छापून भागत नाही. लॅपटॉपमधली ही ग्राफिक्स चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवता येते. बारीक मशीनमधली आणि जाड गेमिंग मशीनमधली चिप नावाने सारखी असली तरी कामात जमीन-अस्मानाचा फरक असतो. जो रिव्ह्यू हा आकडा देतो त्याच्या लेखकाला विषय कळतो.

तिसरी, चाचणी किती वेळ चालवली. प्रोसेसरला सुरुवातीची काही सेकंदं, साधारण अर्धं ते एक मिनिट, जास्त वीज खेचायची मुभा असते. मग तो खाली येतो. वीस सेकंदांत संपणाऱ्या बेंचमार्कचा (वेग मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा त्या चढलेल्या काळातला असतो. प्रोसेसर तपासणारं सिनेबेंच आर२३ मुळातच दहा मिनिटं फिरत राहतं ते यासाठीच. तक्त्याखाली "दहा मिनिटांनंतर" किंवा "सलग तीस मिनिटं" असं काही आहे का बघा.

चौथी गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. खोलीचं तापमान. चाचणी एसी ऑफिसात २४ अंशाला होते, आणि मे महिन्यात आपल्या घरी पंख्याखाली ३३-३४ असतं. खोली दहा अंशांनी तापली की मशीनच्या आतलंही साधारण तेवढंच चढतं. तिथे ८८ अंशांवर निभावलेलं मशीन इथे आपला वेग आवरतं घेईल. तापमान लिहिणारं मासिक विरळा, पण दिसलं तर सोडू नका.

बॅटरीत "आठ तास" याला अर्थ नाही. ब्राइटनेस किती निट्सवर (स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) ठेवला, वायफाय चालू होतं का, काय चालवलं आणि बॅटरी किती वॉट-अवरची, हे चारही हवं. डीटीपीवाल्यांसाठी स्क्रीनची ओळ बघा. "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेला स्क्रीन एसआरजीबीच्या (दोन्ही रंगांची व्याप्ती मोजायची मापं) साधारण ६०-६५ टक्केच रंग दाखवतो, म्हणजे छपाईच्या कामाला कुचकामी. रिव्ह्यूत नुसतं "चटकदार रंग" असेल तर मोजणी झालेलीच नाही.

एसएसडीलाही हेच. १० जीबीची फाइल कॉपी करून दिलेला वेग हा बहुतेक वेळा कॅशचा, म्हणजे ड्राइव्हमधल्या तात्पुरत्या वेगवान साठ्याचा वेग असतो. कॅश भरल्यावर, म्हणजे शे-दीडशे जीबी सलग ओतल्यावर, स्वस्त, क्यूएलसी प्रकारची ड्राइव्ह कुठल्या कुठे घसरते. तो दुसरा आकडा हवा.

पत्रकावरून उतरवलेला रिव्ह्यू ओळखायची सोपी खूण म्हणजे फोटो आणि वजन. सगळे फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे, कंपनीच्या वेबसाइटवरचेच, आणि वजन गोल "१.६ किलो". वस्तू हातात असलेला माणूस "१.६४, चार्जरसकट २.१" असं लिहितो आणि चार्जरची वायर आखूड आहे हेही सांगतो.

मधली_सुट्टी

तीन वर्षांची वर्गणी भरू नका. जगभर छापील कॉम्प्युटर मासिकं गळत चालली आहेत. बाइट १९९८ला बंद पडलं, अमेरिकेतलं पीसी मॅगझिन जानेवारी २००९नंतर कागदावर आलं नाही, मॅक्सिमम पीसीचा छापील अंक २०२३ला थांबला. ही आपापल्या काळची बडी नावं होती.

हिशेब करून बघा. समजा एका वर्षाचे १,८०० म्हणजे अंकाला १५०, आणि तीन वर्षांचे ४,५०० म्हणजे अंकाला १२५. चौदा अंकांनंतर मासिक बंद पडलं तर एकेक अंक ३२१ रुपयांना पडला. तीन वर्षांची योजना एका वर्षाच्या दराला परवडायलासुद्धा ३० अंक हातात पडावे लागतात. मासिक बंद झालं तर उरलेली रक्कम परत करणार, की त्याच प्रकाशनाचं दुसरं मासिक (बहुधा कारचं किंवा लग्नाच्या कपड्यांचं) पाठवणार, हे फॉर्मच्या मागे लिहिलेलं असतं. ते वाचा. बॅगेची किंमत धरूच नका.

कोलशेत_वाचनालय

सगळ्यांचे आभार. एका मासिकाचा ताजा अंक घेतला आहे. त्यात सहा राउटरची तुलना आहे. तक्त्यात रकाने असे: किंमत, वेग (एसी१२००, एएक्स१५००, एएक्स३००० वगैरे), अँटेना किती, वॉरंटी, वैशिष्ट्यांचे गुण, कामगिरीचे गुण, एकूण गुण दहापैकी. सगळ्यांना ७.४ ते ८.७च्या मधले गुण आहेत. एकाला "बेस्ट बाय"चा शिक्का. हे पुरेसं आहे का? आमच्या निवृत्त मंडळींना राउटरचाच प्रश्न जास्त पडतो म्हणून विचारतो.

वाशी_असेंबलर

नाही. उलट हा तक्ता वाचून माणूस चुकीचा राउटर घेऊन येईल.

"एसी१२००" हा कुठल्याच एका उपकरणाला मिळणारा वेग नाही. २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची बेरीज करून वर गोळाबेरीज केलेला तो आकडा आहे. एएक्स३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२. आणि तो मोठा २४०२चा आकडा १६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर मिळतो. तुमचा फोन ८० वरच चालत असेल तर निम्मा झाला. तोही कागदावरचा, प्रत्यक्षात त्याहून कमी.

जो रकाना हवा होता तो तक्त्यात नाहीच. इंटरनेटची वायर लागते त्या वॅन पोर्टचा वेग. स्वस्तातल्या कित्येक एसी१२०० राउटरना अजून १०० एमबीपीएसचाच पोर्ट असतो. घरात २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी त्यातून ९४-९५ च्या वर येणार नाही, वायफाय कितीही चांगलं असो. मग माणूस इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो. हा एक रकाना नसेल तर तुलना करणाऱ्याने डबा पालथा करून पोर्टही बघितलेला नाही.

अँटेनांची संख्या सोडून द्या, दोन आणि चारमध्ये दिसणारा फरक मुख्यतः डब्यावरच्या फोटोत असतो.

कामगिरीचे गुण कशावर दिले? अंतर किती, मध्ये भिंती किती आणि कसल्या, समोर लॅपटॉप कुठला, कुठला बँड. आपल्याकडच्या टॉवरमध्ये आरसीसीच्या भिंती आणि वर-खाली-शेजारी मिळून वीस-तीस वायफाय असतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. ऑफिसच्या मोकळ्या हॉलमध्ये तीन मीटरवरून घेतलेला आकडा तिथे निकामी. चांगल्या तुलनेत निदान तीन जागा असतात: त्याच खोलीत, एका भिंतीपलीकडे, दोन भिंतींपलीकडे. दोन भिंतींपलीकडचा आकडा बघून राउटर घ्यावा.

आता गुणांचं. ७.४ ते ८.७ यात सहाच्या सहा बसले याचा अर्थ गुण वेगळे करण्यासाठी दिलेलेच नाहीत. सबंध अंकातले गुण नजरेखालून घाला. सहाच्या खाली एकही वस्तू नसेल तर त्या मासिकात नापास कोणी होतच नाही. अशा ठिकाणी ८.१ आणि ८.३ मधल्या फरकावर पैसे खर्चू नयेत. वैशिष्ट्यं, कामगिरी आणि किंमत यांना किती टक्के वजन दिलंय हे जर कुठे छापलं असेल तर निदान तुम्हाला स्वतःचं वजन लावून पुन्हा गुण काढता येतात.

फर्मा_सोळा

शिक्क्याबद्दल एक भर. "बेस्ट बाय"चा शिक्का पुढे त्या कंपनीच्या जाहिरातीत आणि खोक्यावर छापला जातो, म्हणून त्याला व्यापारी किंमत असते. तेवढ्यावरून संशय घेऊ नका. पण दर महिन्याला प्रत्येक तुलनेत दोन-तीन शिक्के, वर "एडिटर्स चॉइस", "बेस्ट परफॉर्मर", "बेस्ट डिझाइन" अशी खिरापत असेल तर शिक्का बघायचा सोडा.

वस्तू कंपनीने पाठवली की दुकानातून विकत घेतली, हेही कुठेतरी एका ओळीत असावं. कंपनीकडून आलेली असणं गैर नाही, बहुतेक ठिकाणी तसंच चालतं. लपवणं गैर.

आणि किमती. मासिकाची पानं छापखान्यात जाण्याआधी काही आठवडे लेख तयार होतो, म्हणून दिवाळी सेलच्या आसपासच्या अंकातली किंमत अंक हातात येईपर्यंत शिळी झालेली असते. एमआरपी छापलीय, का बाजारात खरोखर विकली जाते ती एमओपी, हे स्पष्ट असलं म्हणजे झालं. लॅपटॉपची एमआरपी बघून कोणी खरेदी करत नाही.

घणसोली_रूट

डिप्लोमाच्या मुलांसाठी घेणार असाल तर रिव्ह्यूपेक्षा "करून पहा" छापाचे लेख तपासा. तिथे खोटं लगेच पकडता येतं, कारण कमांड चालते किंवा चालत नाही.

लेखाच्या सुरुवातीला आवृत्ती हवी. उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) कुठली, पायथन कुठलं, बोर्ड कुठला. नसेल तर लेखकाने जुना मजकूर फिरवलेला असू शकतो. मी बघतो त्या काही खुणा सांगतो.

उबुंटू २४.०४ किंवा डेबियन १२ (हाही लिनक्सच) वर पायथनची पॅकेजेस बसवायला थेट "पिप इन्स्टॉल" करायला सांगितलंय, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा (प्रत्येक प्रोजेक्टसाठी पायथनची वेगळी जागा) उल्लेख नाही? मग लेखकाने ते चालवलेलंच नाही. या आवृत्त्यांवर तसं केलं की "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" अशी एरर तोंडावर येते. वाचणाऱ्या मुलाला वाटतं आपलंच चुकलं. त्याहून वाईट म्हणजे कुठूनतरी "ब्रेक सिस्टिम पॅकेजेस"चा पर्याय शोधून लावतो आणि पुढे सिस्टिमचीच पायथन पॅकेजेस एकमेकांत भांडतात.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाचा लेख असेल आणि त्यात फोटो काढायला रास्पिस्टिल ही कमांड वापरली असेल तर तो त्याच्या सिस्टिमच्या बुल्सआय आवृत्तीच्या आधीचा. त्यानंतर लिबकॅमेरा आलं आणि आता त्या कमांड आरपीआयकॅम नावाने आहेत. पाय ५ साठी लेख आणि कोडमध्ये जुनी आरपीआय-जीपीआयओ लायब्ररी, हेही तसंच. पाय ५ मध्ये पिना वेगळ्या चिपवर गेल्यामुळे ती तिथे चालत नाही.

डॉकरच्या (प्रोग्रॅम स्वतंत्र कप्प्यात चालवायचं साधन) लेखात "डॉकर-कंपोज" मध्ये आडवी रेघ असलेली जुनी कमांड असेल तर तिला २०२३च्या जुलैपासून अपडेट नाहीत. सर्व्हरसाठी सेंटओएस ७ हा लिनक्स बसवायला सांगणाऱ्या लेखाचं तर बोलायलाच नको, त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ला संपला.

आता छपाईतली खोड, हिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मांडणी करणारं सॉफ्टवेअर सरळ अवतरणचिन्हांची वळलेली करतं आणि दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ. वाचायला फरक दिसत नाही. टर्मिनलमध्ये टाइप करताना मुलगा लांब रेघ बघून एकच रेघ टाकतो आणि कमांड "असा पर्याय नाही" म्हणते. पायथनच्या कोडमध्ये अरुंद रकान्यामुळे ओळ मध्येच तुटते आणि डावीकडची मोकळी जागा सरकते, म्हणजे प्रोग्रॅमचा अर्थच बदलला. तेव्हा स्टॉलवर उभ्या उभ्या एवढं बघा: कोड वेगळ्या, प्रत्येक अक्षराला सारखी जागा देणाऱ्या टाइपमध्ये आहे का, १ हा आकडा आणि स्मॉल एल वेगळे दिसतात का, तुटलेल्या ओळीला खूण केलीय का, आणि पूर्ण कोड कुठून उतरवून घ्यायचा तो पत्ता दिलाय का. पत्ता असेल तर फोनवर उघडून बघा. गेल्या वर्षीच्या लेखाचा पत्ता आजही उघडला तर उत्तमच.

आणखी एक. चांगला लेख "असं झालं नाही तर" हा भाग सोडत नाही. पोर्ट आधीच वापरात आहे, परवानगी नाही, सर्व्हिस सुरू होऊन लगेच बंद पडते, तेव्हा लॉग कुठे बघायचा. दहा पायऱ्या आणि दहावीनंतर हसरा स्क्रीनशॉट, बस्स, असा लेख मुलांना पहिल्याच अडचणीत वाऱ्यावर सोडतो.

पारसिक_पलीकडे

निवृत्त मंडळींच्या पानांसाठीही कसोटी आहे, आणि ती जास्त कडक लावा. कारण चुकीच्या लेखाने तिथे पैसे जातात.

सायबर फसवणुकीवरचा लेख काढा. त्यात १९३० हा हेल्पलाइन क्रमांक आहे का? सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार करताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा, हे लिहिलंय का? पैसे पुढे पुढे सरकवले जातात म्हणून पहिल्या तासा-दोन तासांत फोन करायचा, हे कारण दिलंय का? "यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही" हे एक वाक्य असलं तरी लेखाची निम्मी किंमत वसूल झाली. याउलट "सावध राहा, अनोळखी लिंक उघडू नका" याचीच तीन पानं असतील तर ती रद्दी.

"दर महिन्याला पासवर्ड बदला" असं छापणाऱ्या मासिकाचं सुरक्षेचं वाचन जुनं आहे. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २०१७च्या मार्गदर्शक सूचनांतच कारण नसताना ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नका असं म्हटलं आहे. माणसं मग शेवटचा आकडा वाढवत बसतात. लांब पासवर्ड, प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि गळती झाली तर बदलायचा.

जुन्या पीसीबद्दलचा लेखही बघा. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यानंतरच्या अंकात "जुन्या मशीनवर विंडोज १० टाका" असा सल्ला असेल आणि वाढीव सुरक्षा अपडेटची योजना, विंडोज ११ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) किंवा लिनक्सचा पर्याय यांपैकी कशाचाच उल्लेख नसेल, तर तो लेख तुमच्या काका-काकूंच्या हातात देऊ नका.

अक्षराचा आकारही पाहून ठेवा. काळ्या पानावर राखाडी अक्षरं ही हौस काही मासिकांना फार. सत्तरीतल्या माणसाला ते पान वाचताच येत नाही.

मधली_सुट्टी

डीव्हीडी देतात म्हणून अंक घेणाऱ्यांसाठी: ते दिवस गेले. व्हीएसएनएलने आपल्याकडे इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ला. पुढे डायलअपच्या काळात ५६ केबीपीएसवर ६५० एमबीची सीडी उतरवायला, लाइन एकदाही न तुटता, २६ तास लागले असते. तेव्हा पीसी क्वेस्टबरोबर लिनक्सची सीडी यायची किंवा डिजिटबरोबर सीडी-डीव्हीडी, त्यातच अंकाचे पैसे वसूल व्हायचे. आज १०० एमबीपीएसवर ४.७ जीबीची डीव्हीडी सव्वासहा मिनिटांत उतरते, शिवाय नव्या लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो. आणि डिस्कवरचं सॉफ्टवेअर अंक निघेपर्यंत एक-दोन अपडेट मागे पडलेलं असतं. ब्राउझर, पीडीएफ रीडर, अँटिव्हायरस तर तिथून टाकूच नये.

डिजिटबरोबर आलेल्या फास्ट ट्रॅकसारख्या एकाच विषयावरच्या पुस्तिका मात्र वाचनालयाला कामाच्या. बातमी महिन्यात शिळी होते, नेटवर्किंग कसं चालतं हे होत नाही. अंकात काय विकत घेतोय ते असं बघा: बातम्या, नवे फोन, किमती यांची पानं एका बाजूला, आणि एखादी गोष्ट कशी चालते हे समजावणारी पानं दुसऱ्या बाजूला. दुसरी तीसच्या खाली असतील तर मी घेणार नाही.

घणसोली_रूट

याला थोडा विरोध. तुलनात्मक चाचण्या दुसऱ्या बाजूला धरा, पद्धत लिहिलेली असेल तर. वस्तू सहा महिन्यांनी बाजारातून जाते पण "एसएसडी कशी तपासायची" हे ती चाचणी वाचूनच पोरांना कळतं.

फर्मा_सोळा

वर्गणी भरण्याआधी सगळ्यात खात्रीची चाचणी राहिलीच. त्याच मासिकाचा वर्षभरापूर्वीचा अंक मिळवा आणि आज वाचा. किती पानं अजून उपयोगाची आहेत? ज्याचं कौतुक केलं ती वस्तू पुढे कशी निघाली? एक लेख घेऊन मुलांना करायला द्या. ताजा अंक सगळेच चकचकीत काढतात. रास्पबेरी पायच्या अधिकृत मासिकाचे जुने अंक पीडीएफमध्ये फुकट मिळतात. तुलनेला एक हाताशी असावा, पायऱ्या कशा लिहाव्यात ते त्यात दिसतं. मॅग्झटरसारख्या ठिकाणी डिजिटल अंक चाळता येतात, पण एक खातं वाचनालयात सगळ्यांनी वापरणं त्यांच्या अटींत बसतं का ते आधी बघा.

आणि वाचनालयाचे नियम म्हणून दोन गोष्टी. वर्गणी "१२ अंक" अशी लिहून घ्या, "१२ महिने" अशी नको. पावतीवर पहिला अंक कुठल्या महिन्याचा तेही असू द्या. अंक आल्याची नोंद वहीत तारखेसकट ठेवा. न आलेला अंक ठरावीक दिवसांतच मागता येतो, नंतर "शिल्लक नाही" असं उत्तर येतं. साध्या टपालाने येणार असेल तर पत्ता सोसायटीच्या ऑफिसचा द्या, फ्लॅटचा नको. पत्रपेटीत कोंबलेल्या अंकाची पाठ मोडते आणि पावसात वरची दहा पानं एकमेकांना चिकटतात.

कोलशेत_वाचनालय

ही वर्षभरापूर्वीची चाचणी पटली. जुने अंक कुठे मिळतील? नौपाड्यात रद्दीवाल्यांकडे विचारू का, की फोर्टला जावं लागेल?

वाशी_असेंबलर

आधी तुमच्याच सोसायटीत आणि कॉलेजच्या लायब्ररीत विचारा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासूनचं आहे, तिथल्या मासिक विभागातही चौकशी करायला हरकत नाही. वाचायलाच हवाय, विकत कशाला.

रद्दीवाल्याकडे जायचं तर दुकान उघडताना जा, गठ्ठे बांधायच्या आधी. तो घेतो किलोवर, पण तुम्ही एक अंक बाजूला काढलात की भाव नगावर सांगणार. एकदम सहा-सात सलग महिन्यांचे मागा, स्वस्त पडतात आणि फर्मे गळतायत का तेही कळतं. फोर्टच्या फुटपाथवर निवड जास्त, भावही जास्त. डिस्कचं पाकीट बहुतेक फाडलेलं असतं, त्याचे पैसे धरू देऊ नका. मधली पानं जागेवर आहेत का ते बघून घ्या. तुलनेचा मोठा तक्ता कोणीतरी हमखास कापून नेलेला असतो.